फ्रिजमधला हिवाळा

जपानी मेपलचं बी म्हणून आपण जे उचलतो ते खरं तर फळ. दोन-दोन फळं देठाशी जोडलेली. प्रत्येकाच्या एका टोकाला मसुराएवढी गाठ आणि तिथून निघालेला, शिरा उमटलेला पातळ पंख. पानगळीच्या सुमाराला जोडी फुटते, एकेक फळ सुटतं आणि सगळं वजन एकाच टोकाला असल्यामुळे गरगरत खाली येतं.

ही गरगर शोभेची नाही. डेव्हिड लेंटिंक आणि सहकारी संशोधकांनी मेपलची फळं हवेच्या उभ्या झोतात तरंगत ठेवून, धूर सोडून पाहिलं. फिरत्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक इवलासा भोवरा तयार होतो आणि तिथेच चिकटून राहतो. त्याच्या पोटात दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो आणि फळ सावकाश उतरतं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की ते आईच्या सावलीबाहेर जाऊन पडतं. २००९ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. कीटक आणि वटवाघळंही असाच भोवरा वापरतात, पण त्यांना त्यासाठी पंख मारावे लागतात. बी नुसतं पडतं आणि काम होतं! आपल्या रानातल्या माधवीलतेची तीन पंखांची फळंही अशीच भिरभिरत येतात. दिसली तर एखादं वर फेकून बघा.

मला मात्र जमिनीवर पोचल्यानंतरचा भाग जास्त थक्क करतो. माती ओली, ऊबही थोडी शिल्लक. रुजायला आणखी काय हवं? पण त्या वेळी रुजलेला कोंब पुढच्या बर्फात मेलाच म्हणून समजा. त्यामुळे बी आतून कुलूप लावून बसतं. या कुलपातल्या मुख्य रसायनाची ओळख पटली तीही काही अंशी मेपलमुळेच. वेल्समधल्या ॲबरिस्टविथला फिलिप वेअरिंग यांचा गट सिकॅमोर मेपलच्या पानांत झाडाला झोपवणारं द्रव्य शोधत होता. तिकडे अमेरिकेत कापसाची कोवळी बोंडं का गळतात, याचा तपास चालला होता. १९६५ मध्ये कळलं, की दोघांच्या हाती लागलेला पदार्थ एकच आहे. तेच आजचं ॲब्सिसिक आम्ल. विदर्भात पाण्याच्या ताणामुळे बोंडगळ होते, तिच्यातही याचा हात असतो.

हे कुलूप उघडतं थंडीने. आणि नुसत्या थंडीने नाही, ओल्या थंडीने. साधारण १ ते ५ अंश सेल्सिअसमध्ये तीन-चार महिने ओलसर राहिलं, की आतल्या आम्लाचा जोर ओसरतो, वाढीला चालना देणाऱ्या जिबरेलिनचं पारडं जड होतं आणि बियाची खात्री पटते, की हिवाळा सरला. कोरडं बी फ्रिजमध्ये वर्षभर ठेवलंत तरी त्यातला एकही दिवस त्याच्या हिशेबात धरला जात नाही.

म्हणून बागवाले करतात ते असं. पंख चिमटीने मोडून टाकायचा, बी एक-दोन दिवस कोमट पाण्यात भिजवायचं, घट्ट पिळलेल्या कोकोपीटमध्ये मिसळून पिशवीत भरायचं आणि पिशवी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी. अधूनमधून बुरशी आली का पाहायचं, बस. काही महिन्यांनी पिशवी उजेडात धरली, की तपकिरी कोकोपीटमध्ये पांढरी मुळं टोकं काढताना दिसतात. त्यांना त्या गारठ्यातच वसंत आलेला असतो. पार वाळलेल्या बियांचा मात्र नेम नाही. त्यांचं टरफल इतकं कडक होतं, की कधीकधी दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

कुंडीत प्रथम दोन लांबट, साधी बीजपत्रं येतात. मेपलची काही खूण नाही. मग त्यांच्यामधून बोटं पसरलेली पहिली खरी पानं उलगडतात आणि लॉटरीची सोडत सुरू होते. एकाच लाल झाडाच्या बियांतून लाल, कांस्य, हिरवी अशी सगळी रोपं निघतात, कारण परागकण कुठल्या झाडाचे आले त्यावर बरंच ठरतं. जपानी रोपवाटिकावाल्यांनी या सोडतीतून शतकानुशतकं निवड केली. एदो म्हणजे आजच्या टोकियोजवळच्या सोमेईतल्या इतो घराण्याच्या १७१० मधल्या ग्रंथात मेपलचे ३६ प्रकार नोंदवलेले आहेत. आज नावाजलेले प्रकार हजारावर गेले आहेत. मनासारखं झाड मिळालं, की ते कलमानेच टिकवायचं. बियातून ते जसंच्या तसं परत येत नाही.

पुण्या-मुंबईच्या फ्रिजमध्येही हे बी रुजेल, पण झाडाला पुढे दरवर्षी खरा हिवाळा लागतो आणि आपला एप्रिल त्याची पानं कडेने करपवतो. बी रुजताना बघण्याची हौस जरूर भागवा. झाडाची आशा थंड मुलखातल्यांनी धरावी. न्यू जर्सीत कुणी नातलग असतील तर त्यांना सांगा, अंगणातल्या मेपलखाली आपोआप उगवलेली रोपं गवतासोबत कापण्याआधी जरा वाकून बघा. आणि ऑनलाइन बाजारात निळ्याशार पानांच्या मेपलचं बी दिसलं, तर पैसे घालवू नका. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेही नाही.