बदाम सातमधली अडवणूक

बदाम सात या पत्त्यांच्या डावात जिंकण्याची खरी किल्ली पत्ता टाकण्यापेक्षा तो दाबून ठेवण्यात असते. मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, शेगाव-खामगाव-नांदुऱ्याकडे, पारा चाळिशीपार जातो. अशा दुपारी सतरंजीवर पसरायला हा डाव फार सोयीचा, कारण लहान मुलेही तो चटकन शिकतात. अडवणूक मात्र सरावानेच येते.

चौघांत ५२ पानांचा कॅट पिसून वाटला की प्रत्येकाला १३ पाने येतात. बदामची सत्ती ज्याच्याकडे, तो सुरुवात करतो. पुढे प्रत्येक रंग सत्तीनेच उघडतो. तिच्या खाली एक्क्यापर्यंत आणि वर राजापर्यंत ओळीने पाने लागतात. लागणारे पान नसेल तरच ‘पास’ म्हणता येते. ज्याचा हात आधी रिकामा होतो, तो जिंकतो.

इस्पिकची सत्ती कोणी दाबली, तर त्या रंगाची बाकीची १२ पाने मेलेली. पण हातात लागणारे पान असताना पास म्हणता येत नाही. दुसरी कोणतीच चाल उरली नाही की दाबलेली सत्ती टाकावीच लागते. त्यामुळे अडवणूक किती वेळ चालेल, हे स्वतःच्या शिल्लक चालींवर ठरते.

समजा हातात अशी पाने आहेत: बदामची नव्वी, दश्शी, गुलाम, इस्पिकची सत्ती, छक्की, चौकटची छक्की, पंजी, चव्वी, किलवरची सत्ती, दुर्री, एक्का, राणी, राजा. इथे किलवरची सत्ती लगेच टाकावी. राजा आणि एक्का सुटायला तो रंग दोन्ही टोकांपर्यंत जावा लागतो, आणि उशीर झाला तर ही पाने हातातच राहतात. इस्पिकची सत्ती मात्र दाबावी. तिच्यामागे स्वतःची एकच छक्की अडते, इतरांची ११ पाने. चौकटची सत्ती दुसऱ्याने टाकली की छक्की आणि पंजी निर्धास्त खेळाव्यात, कारण त्यांच्यापुढचे पान आपल्याच हातात आहे. चव्वी टाकली की तिर्रीची वाट दुसऱ्याला मोकळी होते. म्हणून ती शेवटी.

अशीच अडवणूक १९९३ साली आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या रिचर्ड गारफिल्ड यांच्या खेळात दिसते. तिथे पत्ते खेळायला जमिनीच्या पत्त्यांतून शक्ती मिळते आणि एका पाळीत सहसा एकच जमीन मांडता येते. ‘स्टोन रेन’ हा पत्ता तीन शक्ती खर्चून समोरच्याची एक जमीन नष्ट करतो. पण नुसत्या जमिनी मोडणाऱ्या संचाने डाव जिंकता येत नाही. प्रतिस्पर्धी अडलेला असतानाच घाव घालत राहील असा स्वस्त हल्लेखोर आधी मांडलेला हवा, नाहीतर प्रतिस्पर्धी हळूहळू सावरतो. त्या खेळात सहसा दोघेच समोरासमोर असतात, त्यामुळे एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा फायदा. बदाम सातमध्ये चौघे असल्याने दाबलेली सत्ती ज्याच्याकडे इस्पिक कमी आहे त्याच्याही पथ्यावर पडते. हे ध्यानात न घेता अडवत बसणारा बहुधा तिसऱ्यालाच जिंकवतो.

सत्ती कोणाकडे दडली आहे, हे पासवरून ओळखता येते. बंद रंगाची सत्ती केव्हाही लागते, म्हणून जो पास म्हणाला त्याच्याकडे ती नक्कीच नाही. इतर तिघांपैकी दोघे पास झाले, आणि ती आपल्याही हातात नसेल, तर ती उरलेल्याकडेच आहे. मग त्याला लागतील अशी पाने आपणही रोखून धरावीत. त्याच्या चाली संपल्या की तो रंग उघडतो.