मालाडला थेट विक्री : वेबसाइट कशावर बांधायची?

🌱 *सभासद संदेश : बाजार विशेष*



आजचा संदेश नेहमीपेक्षा मोठा आहे. फवारणीचा नाही, हवामानाचाही नाही. संध्याकाळी चहा घेताना निवांत वाचा. येत्या सभासद बैठकीत मालाडच्या थेट विक्रीसाठी वेबसाइट करायची का, आणि करायची तर कोणत्या सॉफ्टवेअरवर, हा विषय येणार आहे. खर्च तुमच्याच भागभांडवलातून होणार. म्हणून हात वर करण्याआधी कशाला हो म्हणतोय ते कळलेलं बरं.

*मालाडच का?*

माल आपल्या जिल्ह्यात, खाणारा मालाडात. मध्ये हायवे आणि दहिसरची कोंडी, बस्स. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाडा कोलमला २०२१ मध्ये, बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये. मालाडमधल्या घरांत ही नावं माहीत आहेत. पण हातगाडीवरचा चिकू खरंच घोलवडचा की कुठला, हे तिथल्या गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. आपण थेट पोचलो तर ती खात्री आपण देऊ शकतो, आणि त्या खात्रीचेच दोन पैसे जास्त मिळतात.

कायद्याचीही अडचण नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी पणन मंडळाचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार मुंबईत सुरू झाले. पुढे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशी मार्केट अडखळलं, तेव्हा राज्यभरातल्या शेतकरी गटांनी आणि कंपन्यांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या गेटवर टेम्पो नेऊन उभे केले. त्यातल्या बहुतेकांकडे वेबसाइट नव्हती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकायची, सेक्रेटरी ऑर्डर गोळा करणार, ठरल्या दिवशी माल एकदम उतरवायचा. एवढ्यावर धंदा झाला.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपली विक्री *ठरल्या दिवशी, ठरल्या गेटवर, आधी ऑर्डर घेऊन* होणारी आहे. मोबाइल कव्हर विकणाऱ्यासारखी देशभर कुरिअर करायची नाही. वेबसाइटची बहुतेक सॉफ्टवेअर मात्र त्या कुरिअरवाल्या दुकानदारासाठी बनलेली असतात. विकायला येणारा माणूस तुम्हाला रंगीत डिझाइन दाखवेल, फिरणारे फोटो दाखवेल. ते बघून झालं की त्याला आपले प्रश्न विचारायचे.

*चिकूचे प्रश्न आधी*

चिकू आज तोडला तर आज खाता येत नाही. कडक फळ तोडून, धुऊन, प्रतवारी करून पिकायला तीन-चार दिवस तरी जातात. शनिवारी मालाडला खाण्याजोगं फळ द्यायचं तर तोडणी मंगळवारच्या आसपास हवी, आणि ऑर्डर सोमवारी रात्री बंद व्हायला हवी. म्हणून पहिला प्रश्न : *ठरल्या वेळी ऑर्डर आपोआप बंद होते का?* की कुणीतरी रात्री जागून बटण दाबायचं?

दुसरा प्रश्न साठ्याचा. जांभळाचा हंगाम काही आठवड्यांचा, आणि फळ इतकं नाजूक की दुसऱ्या दिवशी भाव उतरतो. बागेत २०० डबे निघणार असतील तर २०१ वी ऑर्डर साइटने घेताच कामा नये. पैसे घेऊन माल न पोचवणं म्हणजे त्या सोसायटीत पुन्हा पाय ठेवायला जागा नाही. हे मोजमाप बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, फक्त ते चालू करावं लागतं.

तिसरा प्रश्न प्रकारांचा. एकाच चिकूचे ‘आज खायला तयार’ आणि ‘दोन दिवसांनी तयार’ असे दोन पर्याय देता येतात का? लहान-मोठं फळ वेगळं दाखवता येतं का? शहरातलं गिऱ्हाईक किलोवर समाधानी नसतं, ‘किलोत किती बसतात?’ हे त्याला आधी हवं असतं.

चौथा प्रश्न जागेचा, आणि मालाडसाठी हा सगळ्यात मोठा. मालाड पश्चिम म्हणजे पिन ४०००६४, मालाड पूर्व ४०००९७, मालवणीकडचा भाग ४०००९५. मध्ये रेल्वेलाइन. टेम्पो एव्हरशाइन नगरला असताना दिंडोशीची ऑर्डर निघाली तर ड्रायव्हरचा अर्धा दिवस रस्त्यावर जातो. तेव्हा *पिनकोडप्रमाणे डिलिव्हरीचा दिवस आणि शुल्क वेगळं ठेवता येतं का*, हे विचाराच. शॉपिफाय आणि वूकॉमर्स या दोन्हींत पिनकोडवर भाग पाडता येतात. याहून सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक सोसायटीचं गेट ‘माल घेण्याचं ठिकाण’ म्हणून नोंदवायचं. गिऱ्हाईक आपलं गेट निवडतं, आणि पॅकिंगच्या दिवशी आपल्याला गेटवार यादी मिळते. कोणत्या क्रेटमध्ये काय भरायचं ते त्याच यादीवरून ठरतं.

*बाजारात काय मिळतं*

दोन जाती आहेत. एक भाड्याचं दुकान, दुसरं स्वतःच्या जागेवर बांधलेलं.

भाड्याच्या दुकानात कॅनडाचं शॉपिफाय आणि इस्रायलचं विक्स ही मोठी नावं. आपल्याकडचं झोहोचं कॉमर्सही याच जातीचं. महिन्याला किंवा वर्षाला भाडं भरायचं, बाकी सुरक्षा, अपडेट, सर्व्हर सगळं ते बघतात. ज्यांच्याकडे संगणकाचं माणूस नाही त्यांना हे सोयीचं. भाडं थांबलं की शटर खाली.

दुसरी जात म्हणजे वर्डप्रेस, आणि त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स. वर्डप्रेस २००३ पासून आहे, जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी सुमारे चार त्यावर चालतात. सॉफ्टवेअर फुकट. पण ‘फुकट’ या शब्दावर जाऊ नका. जागेचं म्हणजे होस्टिंगचं भाडं लागतं, उभारणाऱ्याची मजुरी लागते, आणि दर काही आठवड्यांनी अपडेट करावं लागतं. न केलं तर साइट हॅक व्हायला वेळ लागत नाही. विहीर स्वतःची असली तरी मोटार दुरुस्त करणारा गावात हवा, तसं आहे हे.

*भाडं दिसतं, टक्केवारी दिसत नाही*

कोटेशनमध्ये वर्षाचं भाडं मोठ्या अक्षरात असतं. खरा खर्च ऑर्डरमागे कापला जातो. हिशेब करून बघू. धरा, पाच किलो चिकूची पेटी ४०० रुपयांना विकली. पेमेंट गेटवे साधारण २ टक्के घेतात, म्हणजे ८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १ रुपया ४४ पैसे. झाले ९ रुपये ४४ पैसे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे दुसऱ्याचा गेटवे जोडावा लागतो आणि त्याबद्दल शॉपिफाय वेगळी फी लावतं. सुरुवातीच्या प्लॅनवर ती २ टक्के धरली तर आणखी ८ रुपये. एकूण १७ रुपये ४४ पैसे, म्हणजे किलोमागे जवळजवळ साडेतीन रुपये. वर्षाचं भाडं त्यात धरलेलंच नाही. वाशीला आडत-हमालीवर चिडणाऱ्या आपण सगळ्यांनी हा आकडा डोळे उघडे ठेवून बघायला हवा. (दर बदलत असतात, कोटेशन घेताना त्या दिवशीचा दर लेखी मागा.)

‘यूपीआय तर फुकट आहे ना?’ असं कुणी म्हणेल. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर घेत नाहीत, हे खरं. पण गेटवे कंपनी आपल्या सेवेची फी लावू शकते, आणि बऱ्याच लावतात. साधा क्यूआर कोड छापला तर ही फी वाचते, मग दीडशे जणांचे पैसे दीडशे ऑर्डरींशी हाताने जुळवत बसावं लागतं. ऑर्डरी थोड्या असेपर्यंत क्यूआर बरा. आठवड्याला शंभराच्या पुढे गेल्या की ऑफिसमधल्या ताई वैतागतील, आणि त्यांचं वैतागणं रास्त असेल.

*सातबारा कुणाच्या नावावर?*

या संदेशातलं बाकी सगळं विसरलात तरी हा भाग विसरू नका. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, हा तिचा सातबारा. पुष्कळदा होतं असं की साइट बनवणारा मुलगा सोयीसाठी ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घेतो. मनात काही वाईट नसतं. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला जातो, फोन बदलतो, नूतनीकरणाचा ईमेल त्याच्याकडेच पडून राहतो आणि एके सकाळी साइट बंद. तोवर तेच नाव पिशवीवर, पेटीवर, टेम्पोवर छापलेलं असतं.

म्हणून डोमेन *कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या खात्यातून पैसे भरून* घ्यायचं. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल नंबर कंपनीचा. ‘डॉट इन’ पुरेसं आहे. देवनागरीत ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं, हौस म्हणून जोडीला घ्या, पण मालाडमध्ये फोनवर देवनागरी नाव टाइप करणारे थोडेच.

नाव आपलं असेल तर आतलं दुकान बदलता येतं. ते का महत्त्वाचं, याचं एक उदाहरण. गूगलने छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट करून दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवण्याची सोयही १० जून २०२४ पर्यंतच होती. ज्यांनी तोच फुकट पत्ता कार्डावर छापला होता त्यांची कार्डं रद्दीत गेली. गूगलसारखी कंपनी असं करू शकते, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

तसंच विचारा : *सोडून जाताना काय बरोबर नेता येतं?* ग्राहकांची यादी आणि मालाची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशी काढता आलीच पाहिजे. शॉपिफायमधून ती निघते. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते. वूकॉमर्समध्ये सगळंच आपलं, फक्त बॅकअप कंपनीच्या संगणकावर हवा. मालाडच्या पाचशे घरांचे नंबर आणि कोण काय घेतं याची नोंद, ही आपली खरी कमाई आहे. डिझाइन पुन्हा करता येतं.

*कायद्याचं थोडक्यात*

साइटवर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत ते आहे. चिकू चिप्ससारख्या पाकीटबंद मालाची एमआरपी, निव्वळ वजन वगैरे माहिती साइटवरही दिसली पाहिजे. एफएसएसएआयचा क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर बंधनकारक आहे. सॉफ्टवेअरच्या बिलात ही ओळ घालता येते का, बघून घ्या. जीएसटीचं आपल्या सीएंना विचारू.

*मग करायचं काय?*

ऑफिसचं मत स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर बैठकीत बोला. आज लगेच वर्षभराचं भाडं भरू नये. डोमेन मात्र याच महिन्यात घ्यावं. या हंगामात व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर विकावं. तो फुकट आहे, त्यात ५०० वस्तू बसतात, गिऱ्हाईक तिथेच टोपली भरून पाठवतं. मर्यादा दोन. पैसे आणि गेटवार यादी हाताने करावी लागते. आणि साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च लोक बसतात, त्यातही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ही भिंत लागली की समजायचं, वेबसाइटची वेळ आली.

तेव्हा आमचा कल वूकॉमर्सकडे आहे, पण एका अटीवर : देखभालीचा वार्षिक करार लेखी हवा आणि सभासदांच्या घरातली दोन मुलं-मुली ते चालवायला शिकलेली हवीत. ही अट पुरी होत नसेल तर भाड्याचं दुकानच बरं, टक्केवारी देऊनसुद्धा. ओएनडीसीवर नोंदणी वेगळी करता येते, ती वेबसाइटच्या आड येत नाही. त्यावर पुढे वेगळा संदेश पाठवू.

आणखी एक. कोणीही डेमो दाखवायला आला की त्याच्या लॅपटॉपवर बघायचं नाही. साइट आपल्या साध्या फोनवर, गावातल्या नेटवर उघडायची. मालाडला राहणाऱ्या तुमच्या आत्याला किंवा मावशीला लिंक पाठवून एक किलो कोलम मागवायला सांगायचं, फोनवर काहीही न शिकवता. त्या कुठे अडकल्या ते लिहून ठेवा आणि बैठकीला घेऊन या.

*तुमच्याकडून हवं :* मालाड, गोरेगाव, कांदिवलीत ज्यांचे नातेवाईक सोसायटीत राहतात त्यांनी सोसायटीचं नाव, पिनकोड आणि अंदाजे घरं, एवढं ऑफिसच्या नंबरवर कळवा. नातेवाइकांचे फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय पाठवू नका. शंका असेल तर व्हॉइस मेसेज टाका, टाइप करायची गरज नाही. बैठकीत आधी त्याच शंका घेऊ.

— कंपनी कार्यालय