सीलची पाणथरी, माणसाची पाणथरी आणि एक तिसरा गट

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी आज एक उदाहरण सांगतो.

गार पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखला, की आपले ठोके मंदावतात आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. ऑक्सिजन मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवायची ही सोय आहे. सीलचं शरीर हेच करतं, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. अंटार्क्टिकातला वेडेल सील तासाभराहून जास्त वेळ पाण्याखाली राहू शकतो. त्याचा बराचसा ऑक्सिजन फुफ्फुसात नाही, तर रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. शिवाय त्याची प्लीहा, म्हणजे पाणथरी, मोठी असते. बुडी मारली की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आपली पाणथरीही आकसते, फक्त साठा लहान असतो.

मग पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारणाऱ्या माणसांचं काय? मेलिसा इलार्डो कोपनहेगन विद्यापीठात पीएचडी करत असताना सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन इंडोनेशियात, सुलावेसीला गेल्या. तिथल्या बाजाऊ लोकांची पाणथरी शेजारच्या, शेती करणाऱ्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी निघाली. हे काम २०१८ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलं.

आता इथे थांबा. एवढ्यावरून 'हा गुण आनुवंशिक आहे' असं म्हणता येईल का? नाही. रोज बुड्या मारूनही पाणथरी वाढलेली असू शकते. ही शंका कशी तपासाल? पुढे वाचण्याआधी वहीत लिहून बघा.

त्यांनी बुडी न मारणारे बाजाऊही मोजले. त्यांचीही पाणथरी मोठीच होती! म्हणजे नुसत्या सरावानं हा फरक समजावता येत नाही. त्यानंतर डीएनए तपासला, तेव्हा पीडीई१०ए या जनुकाचं एक रूप मोठ्या पाणथरीशी जोडलेलं दिसलं. थायरॉइड संप्रेरकामार्फत हे घडत असावं, असा त्यांचा अंदाज. पण लक्षात घ्या, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये दोनच गट होते. गाईडनी विचारलं, "फरक दुसऱ्याच कशामुळे असेल तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुढचे चार महिने आराखडा नव्याने करण्यात गेले. तुम्ही तो प्रश्न आजच स्वतःला विचारा. नमुने गोळा करून झाल्यावर तिसरा गट आणायचा कुठून?