पाणी धरून ठेवणारी सिलिका

२००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध भुकटीत मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. प्रथिने मोजण्याची जुनी पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचाच असतो. त्यामुळे पाणी घातलेले दूधही चाचणीत कसदार ठरत होते.

मग मेलामाइनच थेट शोधणे भाग होते. पण द्रावकाच्या प्रवाहात रेणू वेगळे करणाऱ्या एचपीएलसी तंत्राचे बहुतेक काम ज्या सी-१८ कॉलमवर, म्हणजे कण भरलेल्या नळीवर, चालते, तो इथे फारसा कामाचा नाही. त्यातल्या सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनांच्या तेलकट साखळ्या बसवलेल्या असतात. तेलाची ओढ असलेले रेणू त्यात रेंगाळतात. पाण्याची ओढ असलेले, म्हणजे साखरा, अमिनो आम्ले, मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि हे मेलामाइन, जवळजवळ न थांबता द्रावकाबरोबर बाहेर पडतात. आयन-पेअरचे क्षार घालून त्यांना अडवता येते, पण त्यांतले बरेचसे क्षार रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला सोसत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पद्धतीत म्हणून वेगळा कॉलम होता: सिलिकावर पॉलिमरचा थर, आणि त्या पॉलिमरवर धन आणि ऋण भार शेजारी-शेजारी. स्वीडनच्या ऊमेओ विद्यापीठातल्या संशोधनातून तो आला होता.

असा कॉलम पाणी धरून ठेवतो आणि त्या पाण्याच्या आधारे रेणू वेगळे करतो. या विचाराचे मूळ मात्र १९४१ सालचे आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी सिलिका जेलमध्ये पाणी मुरवले, त्यावरून क्लोरोफॉर्म सोडला आणि अमिनो आम्लांची संयुगे वेगळी केली. स्थिर पाणी आणि वाहता द्रावक यांच्यात रेणूंची वाटणी व्हावी, हे त्यामागचे तत्त्व. १९५२चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

पुढे अडचण सिलिकाच्या पृष्ठभागाची होती. उघड्या सिलिकावरचे आम्लधर्मी सिलॅनॉल गट अल्कधर्मी रेणूंना घट्ट पकडतात, आणि आलेखावरच्या त्यांच्या पीकला लांब शेपूट येते. अमिनो गट लावलेली सिलिका साखरांसाठी चालते, पण काही साखरा त्या गटांशी अभिक्रियाच करून बसतात. अमेरिकेतल्या अँड्र्यू अल्पर्ट यांनी यावर जो तोडगा वापरला तो मला फार सुंदर वाटतो. अमिनो गट लावलेल्या सिलिकावर त्यांनी पॉलिसक्सिनिमाइड हे पॉलिमर चढवले. त्याची काही वलये पृष्ठभागावरच्या अमिनो गटांशी जोडली जातात. वेल भिंतीला जागोजागी मुळे रोवून धरते, तसे हे पॉलिमर सिलिकाला धरते, म्हणून सहजी धुऊन जात नाही. उरलेली वलये इथेनॉलअमाइनने उघडली की पॉलिमरभर हायड्रॉक्सिल गट येतात. अशा कॉलमवर पेप्टाइड आणि न्यूक्लिइक आम्लांसारखे पदार्थ वेगळे करून दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९९० साली आला. आज आपण या तंत्राला ‘हिलिक’ (हायड्रोफिलिक इंटरॅक्शन क्रोमॅटोग्राफी) म्हणतो, ते नावही त्यांचेच.

कॉलममधून ६० ते ९५ टक्के ॲसिटोनायट्राइल आणि बाकी पाणी वाहत असते. पॉलिमर त्यातले पाणी ओढून घेते आणि कणांच्या छिद्रांत पाण्याचा दाट थर बनतो. ज्या रेणूला पाणी अधिक प्रिय, तो त्या थरात अधिक वेळ मुरतो आणि उशिरा बाहेर पडतो. पॉलिमरवरचे भार आणि हायड्रोजन बंधही त्याला धरतात, पण माझ्या मते रेणू वेगळे करण्याचे मोठे काम पाणीच करते. पॉलिमरचे कौशल्य ते पाणी जागेवर ठेवण्यात आहे. आज प्रतिपिंड-औषधांवरच्या साखरसाखळ्या तपासण्यासाठी हे तंत्र रोजच्या वापरात आहे.

हिलिक ॲसिटोनायट्राइलवर फार विसंबते, ही त्याची मोठी उणीव. हे द्रावक ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांतले उपउत्पादन. २००८-०९च्या मंदीत ते उत्पादन घटले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना टंचाई सोसावी लागली.

औषध कंपन्यांत नव्याने कामाला लागलेल्यांना एवढेच सांगणे आहे: हिलिक कॉलमला सी-१८च्या घाईने वागवू नका. पाण्याचा थर बसायला वेळ लागतो. रिटेन्शन टाइम, म्हणजे रेणू बाहेर पडायला लागणारा वेळ, सरकत असेल तर कॉलमला दोष देण्याआधी त्याला पुरेसा वेळ मोबाईल फेजवर, म्हणजे वाहत्या द्रावकावर, स्थिरावू द्या. आणि नमुना निव्वळ पाण्यात विरघळवून कधीही टोचू नका, पीक फाटतात.