दुतोंडी मीठ

काचेच्या कॉलममध्ये मोहरीहून बारीक, मधाळ रंगाचे रेझिनचे मणी भरलेले असतात. वरून फिकं पिवळं द्रावण थेंबथेंब सोडलं की वरच्या मण्यांत गडद पिवळा पट्टा उमटतो आणि सावकाश खाली सरकू लागतो. सल्फ्युरिक आम्लात विरघळलेलं युरेनियम सल्फेटशी जोडी जमवून ऋणभारित होतं आणि मण्यांवरचे धनभारित गट त्याला धरून ठेवतात. खाली पडतं ते पाणी जवळजवळ रंगहीन.

आता त्याच द्रावणात मीठ घाला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराईड असतं, तेवढं पुरे. पट्टा पसरट होतो, भराभर तळ गाठतो, आणि वरच्या मण्यांत जागा शिल्लक असतानाच परीक्षानळीत युरेनियम उतरायला लागतं. क्लोराईडही ऋणभारितच, संख्येच्या जोरावर जागा अडवून बसतं. अंधारात अतिनील दिवा धरला तर बिनमिठाचं द्रावण हिरवं झळकतं, खारट मात्र विझलेलं. युरेनियम दोन्हींत तेवढंच. या गमतीचा कामाला उपयोग शून्य, तरी नवख्याला ती दाखवल्यावाचून राहवत नाही.

खाणीत मात्र ही गंमत उरत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हनीमून या युरेनियमच्या खाणीत खड्डा खणत नाहीत. वाळूच्या थरातल्या भूजलात आम्ल मिसळून तेच वर उपसतात, आणि ते भूजल मुळातच खारं. 2011 मध्ये तिथे काम सुरू झालं ते द्रावक निष्कर्षणावर, म्हणजे मण्यांऐवजी द्रावकाने युरेनियम ओढून घेऊन. 2013 मध्ये ते थांबलं. 2024 मध्ये खाण पुन्हा चालू झाली, या वेळी रेझिनवर.

खाऱ्या पाण्यासाठी वेगळ्या जातीचं रेझिनही मिळतं: अमिनोफॉस्फोनिक गटाचं रेझिन क्लोराईडला फारशी दाद देत नाही. पण ते फेरिक लोखंडही हावरटासारखं धरतं, आणि धरलेलं सहजी सोडत नाही. रेझिन निवडताना सगळे ‘किती धरतं?’ हेच विचारतात. माझ्या मते आधी विचारावं, सोडतं कसं?

साध्या रेझिनपुरतं या प्रश्नाचं उत्तर पुन्हा मीठच. झारखंडमधल्या जादुगोड्याच्या कारखान्यातही मण्यांवरचं युरेनियम आम्लयुक्त मिठाच्या पाण्याने उतरवत आले. मग मॅग्नेशिया घालून त्याचा पिवळा साका पाडायचा. पण धुतलेले मणी क्लोराईडने गच्च भरलेले असतात. पुढच्या फेरीत ते क्लोराईड सुटून द्रावणात जातं, आणि भूजलच फिरवणाऱ्या खाणीत परत जमिनीखाली पोचून साठत राहतं. म्हणून काही ठिकाणी मणी कामाला लावण्याआधी सल्फ्युरिक आम्लाने धुऊन पुन्हा सल्फेटवर आणतात. त्यात आम्ल खर्च होतं, वेळ जातो, आणि निघालेलं खारट पाणी कुठे सोडायचं हा हिशेब वेगळाच.