लेकराची चंचलता : दोष आईचाही नाही, रक्ताचाही नाही

वर्गात एका जागी बसत नाही, गणित अर्धं टाकून उठतो, दप्तर विसरून येतो, दुसऱ्याला बोलू देत नाही. अशी मुलं प्रत्येक गल्लीत असतात आणि बहुतेकांची ती नुसती मस्ती असते. पण काहींना हा त्रास बाराव्या वर्षाच्या आतच सुरू होतो, सहा महिन्यांहून जास्त टिकतो आणि घरी व शाळेत, दोन्हीकडे दिसतो. अभ्यास मागे पडतो, मार खावा लागतो. याला एडीएचडी म्हणतात.

आमच्या इंदिरानगरच्या वस्तीत अशा घरी गेलं की बोट आधी आईकडे वळतं. ‘लाडानं बिघडवला’, ‘तिच्या माहेरचं रक्तच तसलं’, नाहीतर ‘मागच्या जन्माचं फेडतोय’. म्हणून विज्ञानाला काय सापडलं ते समजून घेऊ.

हा त्रास घराण्यात चालतो, हे खरं आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून दिसतं की मुलामुलांतल्या या फरकात साधारण तीन चतुर्थांश वाटा आनुवंशिकतेचा असतो. मग जनुकं कशी शोधतात? कोलंबियात अँटिओकिया भागातल्या मोठ्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या असा त्रास होता. त्यांच्या तपासणीतून २०१० साली एक संशयित जनुक पुढे आलं. आपल्याकडे कोलकात्याच्या मनोविकास केंद्रात मूल, आई आणि वडील अशा तिघांचं रक्त तपासून अभ्यास झाले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती पालकाकडे असतात, त्यातली एकच मुलाला मिळते. त्रास असलेल्या मुलांमध्ये ठरावीक प्रत निम्म्याहून बरीच जास्त वेळा आली, तर तिच्यावर संशय घेतात.

२०२३ साली ३८,६९१ रुग्ण आणि १,८६,८४३ इतर माणसांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात जनुकसाखळीतल्या २७ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. यात बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते, म्हणून आपल्याकडचं संशोधनही गरजेचं आहे.

म्हणजे एकच ‘खराब’ जनुक नाही. असे बारीक फरक थोडेफार आपल्या सगळ्यांत असतात, आईकडून येतात तसे वडिलांकडूनही. वेळेआधी जन्म आणि जन्मावेळी कमी वजन यांनीही धोका वाढतो. रक्ताची किंवा जनुकांची तपासणी करून एडीएचडीचं निदान होत नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि आनुवंशिकता म्हणजे जात नव्हे. जातीला वंशशुद्धीचा शास्त्रीय आधार नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये मांडलं आहे.

हे सगळं ऐकून एक वडील म्हणाले, “ताई, मीपण असाच होतो. मास्तर मारायचे म्हणून चौथीत शाळा सोडली.” त्या दिवसापासून त्यांनी बायकोला बोल लावणं थांबवलं. घरातली अशी माहिती लपवू नका, डॉक्टरांना सांगा. तिचा निदानाला उपयोग होतो.

आता करायचं काय?

आधी डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. नीट ऐकू येत नसेल, झोप पुरी होत नसेल, तरी लक्ष लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आपली शंका पथकाला सांगा. अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत.

घरी एका वेळी एकच काम सांगा. अभ्यास पंधरा-पंधरा मिनिटांचा करा. जमलं की लगेच शाबासकी द्या. मारू नका, मारानं लक्ष वाढत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांनाच वागण्याचं प्रशिक्षण देतात. मोठ्या मुलांना डॉक्टरांनी गोळी दिली, तर शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करू नका.

विचारायला कुणी नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.