आजोबांचा शत्रू

१६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच सुमारे १३,००० ज्यूंना पकडले. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. अशा काळात कित्येक ज्यू आईबापांनी आपली लेकरे, नावे बदलून, ख्रिस्ती कुटुंबांत दडविली. दिग्दर्शक क्लोद बेरी यांचा १९६७ चा 'म्हातारा आणि मूल' हा चित्रपट त्यांच्या अशाच बालपणावर बेतलेला आहे.

लांगमानचा 'लोंगे' झालेला मुलगा ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून ग्रेनोबलकडील एका वृद्धाच्या घरी येतो. मिशेल सिमों यांनी साकारलेला हा वृद्ध हिटलरशी हातमिळवणी करणाऱ्या मार्शल पेताँचा भक्त. देशाच्या साऱ्या विपत्तीचे खापर तो ज्यूंवर फोडतो. मात्र पाळलेल्या सशांचे मांस त्याच्या घशाखाली उतरत नाही! ज्यू वासावरून, नाकावरून ओळखता येतो, असे तो सांगतो. मग तुमचेच नाक तसे आहे, म्हणून पोरगा त्याला हैराण करतो. दोघांना एकमेकांवाचून करमेनासे होते.

फ्रान्स मुक्त होतो, मुलगा स्वगृही परततो. आजोबांना अखेरपर्यंत काही कळत नाही. पुष्कळांना यात मायेचा विजय दिसतो. आम्हांस तसे म्हणवत नाही. माया लाभली ती लोंगेला. लांगमानला त्या दारात उभे केले असते काय, हे बेरींनी सांगितलेले नाही.